नाव, नक्षत्र, गोत्र

बाबा गेले तो सोमवार होता. सकाळी सातला त्यांनी पेपर मागितला. साडेसातला आईने कॉफी आणून त्यांच्यासमोर ठेवली. आठला मी रघूला, माझ्या भावाला, फोन केला. तो ओरगडमच्या कारखान्यातून निघाला आणि दहाला पोचला. दुपारी गुरुजी आले. त्यांनी बाबांचं नाव विचारलं. आई तिथेच बसली होती. ती बोलली नाही. रघूने नाव सांगितलं.

येत्या माघात याला दोन वर्षं होतील. चेन्नईच्या मैलापुरात पुन्हा मार्गळी लागली आहे. हा इथला महिना आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या अंगाने येतो, डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि पोंगल सणाच्या आदल्या दिवशी संपतो. या महिन्यात इथे लग्न ठरत नाही, नव्या घरात कोणी जात नाही; सगळा महिना देवाला दिलेला. पहाटे साडेचारला गल्लीच्या टोकाच्या देवळातला भोंगा आधी खरखरतो, मग भजन सुरू होतं. दारोदारी बायका ओणव्या होऊन कोलम, पिठाची रांगोळी, काढतात आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचून ठेवतात. सात वाजता देवळाच्या दारात गरम पोंगलचा, मूगडाळ-तांदळाच्या खिचडीचा, द्रोण मिळतो, तूप बोटांना चिकटतं. पुरुष मफलर गुंडाळून, माकडटोप्या घालून फिरत असतात. बाबा मूळचे मिरजेचे. रेल्वेत नोकरी लागली म्हणून पंचविशीत या शहरात आले आणि इथलेच झाले. त्या माकडटोप्या बघून ते दर वर्षी म्हणायचे, की एवढ्या गारव्याला मिरजेत उकाडा म्हणतात. आणि दर वर्षी आई म्हणायची, "मग जावें मिरजेस."

आईचं मराठी असंच आहे. ती तंजावरकडच्या मराठी घराण्यातली. तिचे पणजे-खापरपणजे तिथल्या दरबारात कोणी कारकून होते म्हणतात. दरबार गेला, कारकुनी गेली, भाषा तेवढी स्वयंपाकघरात राहिली. 'मला'च्या जागी ती 'मज' म्हणते, 'कुठे'च्या जागी 'कोठें', आणि वाक्याच्या शेवटी तिचा आवाज तमिळ माणसासारखा वर जातो. बाबा म्हणायचे, हिच्याशी बोललं की बखर वाचल्यासारखं वाटतं. आई म्हणायची, वाचावी मग नीट, पानें सोडूं नयेत. आम्ही मुलं या दोन मराठींच्या मधे वाढलो आणि शाळेत तमिळ बोललो. मी पुढे पुस्तकांमागे गेले. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, लग्न केलं नाही. आई आणि मी आता दोघीच राहतो.

त्यांच्या लग्नातली एक गोष्ट बाबा पुनःपुन्हा सांगायचे. वरात मिरजेला घरी आली तेव्हा नणंदांनी दार अडवलं आणि उखाणा घ्यायला सांगितलं. आईच्या माहेरी उखाण्याची चाल कधीच विसरली गेली होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं एवढीच अर्धी चाल शिल्लक होती. ते कधी घ्यायचं असतं, ही उरलेली अर्धी वाटेत कुठेतरी सांडली होती. ती उंबऱ्याबाहेर मुकी उभी राहिली. आत्यांना वाटलं, मुलगी गर्विष्ठ आहे. अर्धा तास झाला. शेवटी बाबाच म्हणाले, "तिला आत येऊ द्या. नाव कुठं पळून जातंय?"

आईने ते नाव पुढेही घेतलं नाही. दवाखान्यात नाव विचारलं तर ती मला पुढे करायची. बँकेत पासबुकावर बोट ठेवायची. फोनवर कोणी विचारलं तर म्हणायची, थांबा, ते येतील. शेजारच्या बायका आता सर्रास नवऱ्याला नावाने हाका मारतात, आई ते ऐकून हसते, पण स्वतः कधी नाही.

फक्त एका ठिकाणी ती ते नाव घ्यायची, ते म्हणजे देवळात. इथल्या देवळांत अर्चना करायची तर चिठ्ठी फाडून नारळ-पानांचं ताट अर्चकाच्या हाती द्यावं लागतं, आणि तो तीन गोष्टी विचारतो: नाव, नक्षत्र, गोत्र. मग ती नावं तो संस्कृतात गुंफून देवासमोर म्हणतो आणि त्या माणसांसाठी आयुष्य, आरोग्य मागतो. घरातल्या कर्त्या पुरुषाने यादी सांगायची असते, तो आत नसेल तर बाईने, मोठ्यापासून लहानापर्यंत. आई गाभाऱ्यासमोर उभी राहून, डोळे मिटून, एका दमात सांगायची: भारद्वाज गोत्र, माधव, पूसम, रुक्मिणी, अनुषम, सुमती, अस्तम, रघुनाथ, चित्तिरै. पुष्य नक्षत्राला इथे पूसम म्हणतात, बाकीचीही अशीच नक्षत्रांची तमिळ नावं. लहानपणी मला ती यादी पाढ्यासारखी वाटायची. पहिलं नाव घेताना आईचा आवाज किंचित खाली जातो हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. देवासमोर लाज नाही, पण सवय असते.

बाबा तेव्हा तिथे नसायचे. ते देवाला मानत नव्हते, निदान तसं म्हणायचे. पण देवळांचं वेड त्यांना आईपेक्षा जास्त होतं. ते बाहेर भिंतीपाशी असायचे. हातात छोटी बॅटरी, खिशात वही. चोळांच्या देवळांच्या पायथ्याला कोरलेल्या ओळी असतात. बाबांनी चाळिशीनंतर ती जुनी तमिळ अक्षरं वाचायला स्वतःची स्वतः शिकून घेतली होती. कोणी किती दिव्यांचं तूप दिलं, कोणी मेंढ्या दिल्या, कोणी देवळाला जमीन सोडली, हे ते वाचत बसायचे. अर्चना झाली की आई प्रसाद घेऊन बाहेर यायची, त्यांच्या कपाळाला कुंकू लावायची, ते वाकून लावून घ्यायचे. त्यांच्या चाळीस वर्षांच्या देवदर्शनाचा क्रम हा असा होता.

आमच्या सगळ्या सहली या कराराने झाल्या. एक देऊळ आईचं, एक दगड बाबांचा. इथली देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती चारला उघडतात. आईचे देव झोपले की बाबांचा दिवस सुरू व्हायचा: राजवाडे, किल्ले, संग्रहालयं. आम्ही डबे गाडीत खात, भर उन्हात कुठल्या तरी तोफेसमोर उभे असायचो. रघू म्हणायचा, आपल्याला सुट्टी नसते, दोन पाळ्या असतात.

शेवटची सहल अशाच मार्गळीत झाली. चार दिवसांची. त्या महिन्यातल्या पूसमला बाबांना सत्तर पुरी होत होती. तिरुक्कडैयूर नावाचं एक गाव आहे, कावेरीच्या मुखाकडे. तिथल्या देवाने यमाला लाथ मारून एका भक्ताला वाचवलं, असं मानतात. साठी, सत्तरी, ऐंशी झालेली जोडपी तिथे येतात, शेजारी-शेजारी बसून अंगावर कलशाचं पाणी घेतात, एकमेकांना हार घालतात, म्हातारे पुन्हा मंगळसूत्र बांधतात. आईला ते करायचं होतं. बाबा म्हणाले, होमाच्या धुरात मला बसवू नकोस. मग आई उतरत-उतरत एका गोष्टीवर आली: शांती नको, हार तेवढे घालू, आणि अर्चनेला दोघं उभे राहू. बाबा हो म्हणाले. मी ऐकलं होतं. ते हो म्हणाले होते.

पहिले दोन दिवस तंजावर आणि कुंभकोणम. रघूला रजा मिळाली नव्हती, म्हणून आम्ही तिघं आणि सेल्वम नावाचा ड्रायव्हर. चेन्नईत त्या वर्षी डिसेंबर सरता-सरता वादळ येऊन गेलं होतं, खाली कावेरीच्या पट्ट्यात शेतं अजून पाण्यात होती. बगळे दिसायचे. आई खिडकीपाशी बसून मोजायची. बाबा पुढे सेल्वमशेजारी बसून त्याला त्याच्याच मुलखाचा इतिहास सांगायचे. तो मधूनमधून 'सरि सार, सरि सार', बरं साहेब, म्हणायचा आणि आरशातून आमच्याकडे बघून हसायचा.

तंजावरच्या मोठ्या देवळाच्या आवारात एका भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याची हकीकत मराठीत कोरलेली आहे. नागरी अक्षरं, ओळीवर ओळी, माणसाच्या उंचीच्याही वरपर्यंत. लोक तिच्यावर नजर न टाकता पुढे जातात. बाबांनी ती पूर्वी तुकड्या-तुकड्यांनी वाचली होती. दर वेळी आम्ही त्यांना घाई करून उठवलं होतं. त्या दिवशी मी आईला म्हटलं, आज थांबू. बाबा मोठ्याने वाचत होते आणि अडत होते. शब्द कुठे तुटतो ते दगडावर कळत नाही. आई दर्शन करून, हातात फुलांची पुडी घेऊन, त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. एका ठिकाणी ते तीनदा अडले तेव्हा तिने मागून शब्द सांगितला. ते पुढे वाचू लागले. पुन्हा अडले, तिने पुन्हा सांगितला. मग ती भिंतीजवळ गेली आणि म्हणाली, "हें तर माझे आजोबा बोलत तसेंच आहे."

ती दोघं मग पाऊण तास त्या भिंतीसमोर होती. ते वाचत होते, ती सोडवत होती. आईने चष्मा आणला नव्हता. ती फक्त ऐकून सांगत होती. मी थोडी लांब पायरीवर बसले होते. त्यांना मी एका दगडापाशी एकत्र उभं असलेलं आधी पाहिलं नव्हतं. फोटो काढायचं सुचलं नाही. बाबा वळून मला म्हणाले, "सुमे, चाळीस वर्षं मी कोश घेऊन हिंडतोय, आणि कोश घरात डोसे घालतोय." आई म्हणाली, "पोदुम, पुरें, चला आता." पण ती हसत होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिरुक्कडैयूरला पोचलो, चौथ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. सातलाच गर्दी होती. मंडपात जागोजागी विटांची होमकुंडं, धूर, नादस्वर, ओल्या रेशमी साड्यांतल्या म्हाताऱ्या, त्यांचे फोटो काढणारी मुलं-नातवंडं. बाबा म्हणाले, "इथे सगळे पुन्हा पुन्हा त्याच चुकीला तयार दिसतात." शेजारचा एक अनोळखी मराठी माणूस होता, कुठल्या तरी बँकेतला, तो मोठ्याने हसला. आईही हसली. तिने दाराशी दोन हार घेऊन ठेवले होते, झेंडू आणि तुळशीचे. केळीच्या पानात गुंडाळून माझ्याकडे दिले.

आतल्या दाराशी रांग वळली तिथे आई थांबली. मागे वळून म्हणाली, "आज तरी आत याल काय?"

बाबा म्हणाले, "तू हो पुढे. मी आलोच."

आम्ही पुढे गेलो. आमची पाळी आली. बाबा आले नव्हते. अर्चकाने ताट घेतलं, विचारलं. आई क्षणभर दाराकडे बघत राहिली, मग तिने डोळे मिटले आणि यादी सांगितली. माधव, पूसम. आवाज नेहमीसारखा खाली गेला. आरती झाली. दोन्ही हार माझ्या हातात होते. तिने एक घेऊन देवाला दिला.

मी बाबांना शोधायला बाहेर गेले. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीशी ते उभे होते. मला राग आला होता आणि मी तो बोलायच्या तयारीत होते. पण जवळ गेल्यावर दिसलं की ते वाचत नाहीयेत. वही बंद होती, बॅटरी खिशात. ते हात मागे बांधून भिंतीकडे तोंड करून नुसते उभे होते, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे.

मी म्हटलं, तुम्ही हो म्हणाला होतात.

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "घेतलं का तिनं?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, काय?

"नाव."

मग त्यांनी सांगितलं: लग्नानंतरच्या पहिल्या मार्गळीत, मैलापुरातच, ते चपला सांभाळायला बाहेर थांबले होते. पाऊस आला म्हणून खांबाआड आत सरकले आणि त्यांनी ते ऐकलं. घरात 'अहो'ही नीट न म्हणणारी मुलगी देवासमोर त्यांचं नाव घेत होती. ते तसेच मागे सरले. त्यानंतर ते कधी आत गेले नाहीत. आत गेलो तर अर्चक मला विचारणार, ते म्हणाले, मी माझं नाव सांगणार, मग तिला घ्यायचं कारण उरणार नाही. मी म्हटलं, पण आज ती मुद्दाम म्हणाली होती. तेव्हा ते जे बोलले ते मला शब्दशः आठवतं.

"देवाचं मला माहीत नाही, सुमे. पण ती नाव घेते आणि मी सकाळी उठतो, एवढं चाळीस वर्षं चाललंय. सत्तरीला मी ते कशाला मोडू?" आणि थोड्या वेळाने, "तिला सांगू नकोस. मी ऐकलंय हे कळलं तर ती लाजेल, यादी तुझ्याकडे देईल."

मी सांगणार नाही म्हटलं.

आई गाडीत जाऊन बसली होती. उरलेला हार सेल्वमने पुढच्या काचेशी ठेवला. करारानुसार दुपार बाबांची होती: जवळच तरंगंबाडीला समुद्रकाठी डच नव्हे, डॅनिश लोकांचा किल्ला आहे. बाबा फाटकात उतरले, आई उतरली नाही. मी दोघांच्या मधे, गाडीचं दार धरून. ते किल्ला बघून अर्ध्या तासात परत आले. एरवी आल्याबरोबर ते सांगायला लागत. त्या दिवशी काही सांगितलं नाही. नंतर समुद्र उजव्या हाताला दिसेनासा झाला, पुन्हा दिसला. पुदुच्चेरीच्या पुढे आई एकदाच बोलली, माझ्याशी, पण त्यांना ऐकू जाईल अशी. "ह्यांस देव नको, तें मज ठाऊक होतें. मी एवढी नको असेन, तें ठाऊक नव्हतें." बाबांनी मान वळवली नाही. सेल्वमला मराठी येत नव्हतं, तरी त्याने रेडिओ बंद केला. संध्याकाळी घरी पोचलो. हार पार सुकला होता.

त्यानंतर सात आठवडे होते. घरात सगळं बोलणं झालं: कॉफी, गोळ्या, गॅसचा नंबर, रघू कधी येतोय. भांडण मिटलं असं नाही, ते विषयांच्या खाली गेलं. मी त्या सात आठवड्यांत रोज दोघांच्या मधे बसून जेवत होते. मग तो सोमवार आला.

वर्षभर देवळात जायचं नसतं. आमच्या दारात पुढच्या मार्गळीत कोलम नव्हता. भेटायला येणाऱ्यांना आई एकच वाक्य सांगायची: आयुष्य मागायच्या देवळाच्या दारातून हे परत फिरले. कोणी म्हणायचं, तसं नसतं हो, काळ आला होता. आई ऐकून घ्यायची आणि पुढच्या माणसाला तेच सांगायची. मी चहाचे कप उचलायचे. मी ते वाक्य किती वेळा ऐकलं ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी माझ्याजवळ त्याचं उत्तर होतं.

आधी मी स्वतःला सांगितलं की शब्द दिला आहे. मग सांगितलं की आता कळून तिला जास्त लागेल. गाडीतल्या सहा तासांच्या अबोल्याचं काय करील ती? ही दोन्ही कारणं खरी होती. पण दोन्हींच्या खाली आणखी एक होतं आणि ते लिहायला मला हा महिना लागला. बाबांची वही रघूकडे गेली. त्यांचं घड्याळ, चष्मा, मफलर आईच्या कपाटात आहे. त्या भिंतीपाशी ते जे बोलले ते फक्त माझं होतं. सांगितलं असतं तर ते आईचं झालं असतं, कारण ते तिचंच होतं. मी ते दिलं नाही.

नावाचं पुढे काय होतं हेही मी त्या वर्षी पाहिलं. माणूस गेला की त्याचं नाव अर्चनेच्या यादीतून निघतं आणि तर्पणाच्या यादीत जातं. तिथे नक्षत्र विचारत नाहीत. रघू दर अमावास्येला कारखान्याच्या पाळीआधी अंघोळ करून बसतो, तीळ-पाणी सोडतो आणि गोत्र, नाव सांगतो: बाप, आजा, पणजा. तो मला म्हणाला, मी आयुष्यात बाबांना नावाने हाक मारली नव्हती, आता दर अमावास्येला तीनदा घेतो. ते नाव आता मुलाचं काम झालं. आई त्या वेळी आतल्या खोलीत असते. या नव्या यादीत बायकोने बोलायची जागाच नाही.

वर्षश्राद्ध झालं, तरी आई देवळात गेली नाही. चैत्र गेला, नवरात्र गेलं. गेल्या आठवड्यात एका सकाळी ती कोलम काढून आत आली, हात धुतले आणि म्हणाली, चल, जाऊन येऊं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान मी निघताना पाहिलं. त्या दिवशी पूसम होतं.

मोठ्या देवळात गर्दी असते म्हणून आम्ही मागच्या गल्लीतल्या लहान देवळात गेलो. जुने अर्चक थकले आहेत, त्यांचा मुलगा आता बघतो. विशी-बाविशीचा असेल. त्याने ताट घेतलं आणि न बघता विचारलं, "गोत्रम्? पेर? नक्षत्रम्?"

आईने डोळे मिटले आणि म्हणाली, "भारद्वाज गोत्र, माधव, पूसम."

पुढचं नाव तिच्या तोंडून आलं नाही. डोळे उघडले. अर्चक तोवर आत वळून म्हणू लागला होता: भारद्वाज गोत्र, पुष्य नक्षत्र, माधव. त्याने बाबांसाठी आयुष्य मागितलं, आरोग्य मागितलं. म्हणून झाल्यावर पुढच्या नावासाठी त्याने मागे पाहिलं. आई माझा दंड धरून उभी होती. उरलेली तीन नावं मी सांगितली.

आरतीनंतर आईने त्याला तमिळमध्ये सांगितलं की चूक झाली, ते नाहीत. पोराचा चेहरा उतरला. हातातली कुंकवाची वाटी खाली ठेवत तो म्हणाला, की यावर काय करतात ते मला माहीत नाही, अप्पांना विचारून सांगतो, उद्या या. मग काही सुचेना म्हणून त्याने आईच्या हातात दोन केळी जास्त ठेवली.

बाहेर देवळाच्या तळ्याच्या कठड्यावर आम्ही बसलो. तळ्यात पाणी बरंच होतं. आई म्हणाली, "गेलेल्या माणसास आयुष्य मागितलें मी. आणि होते तेव्हां..."

मग मी सांगितलं. खांब, पाऊस, चपला, भिंत, बंद वही. ते जसं बोलले तसं सांगितलं. सांगताना मी तळ्याकडे बघत होते.

आईने हातातली केळी मांडीवर ठेवली. मग तिने विचारलं, "कोणत्या देवळांत ऐकिलें?"

मी म्हटलं, इथेच कुठेतरी. लग्नानंतरच्या पहिल्या मार्गळीत.

"आणि तुज कधीं सांगितलें?"

"तिरुक्कडैयूरला."

तिने बोटांवर मोजलं नाही, पण मोजलं. "दोन वर्षें," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी सर्वांस सांगत फिरलें."

तिने केळी पदराच्या टोकात बांधली, कठड्याला हात टेकून उठली. वाटेत भाजीवालीशी तिने नेहमीसारखी घासाघीस केली. घराच्या पायरीशी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दार उघडताना, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "तें माझें होतें, सुमे."

दुसऱ्या दिवशी अर्चकाचे वडील काय म्हणाले ते विचारायला ती गेली नाही. मीही विचारलं नाही. मला तिने क्षमा केली की नाही ते मला माहीत नाही. घरात पुन्हा कॉफी, गोळ्या, गॅसचा नंबर सुरू आहे. लोकांना सांगायचं ते एक वाक्य मात्र तिने त्या दिवसापासून उच्चारलेलं नाही.

मार्गळीचे काही दिवस अजून आहेत. आम्ही रोज सकाळी त्या लहान देवळात जातो. दाराशी आई ताट माझ्या हातात देते आणि वळून गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीकडे जाते. यादीत आता तीन नावं आहेत, पहिलं तिचं. ती मी सांगते. आई बाहेर थांबते.